खाली हायेत

“आप्रेटर, शंभरापत्तुर आकडं येत्यात का?”

धोंडीमामांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मॅट्रिक झालेला, त्यावर वायरमनचं सर्टिफिकेट, अंगात नव्या नोकरीचा कडक इस्त्रीचा शर्ट. मी जरा घुश्शातच म्हणालो, “येतात की.”

“मंग मोजा. शंभराच्या आत आलो तर आलो. न्हाई आलो तर म्होरं मोजत बसू नका, गावात सांगा.”

एवढं बोलून त्यांनी पोटाशी एक दगड धरला आणि भीमेच्या पाण्यात ते सरळ खाली गेले. तिसापर्यंत माझं बरं चाललं होतं. साठाला तळहातांना घाम फुटला. सत्तरनंतर कुठले आकडे म्हटले आणि कुठले गिळले, देव जाणे. ब्याण्णवला त्यांचं डोकं वर आलं तेव्हा मी काठावर मटकन बसलो होतो. नाक शिंकरून ते म्हणाले, “तुमचं आकडं लई पळत्यात. माझं अजून साठबी झालं नसत्याल.”

मी जात्याच काळजीखोर. पुढं सात-आठ वर्षं त्यांच्यासाठी मोजायचं काम माझ्याकडंच राहिलं आणि एकदाही मी ते शांतपणे केलं नाही.

नदीच्या अल्याड शिरूर तालुका, पल्याड दौंड. वडगाव रासाईपासून थोडं खाली, अल्याडच्या काठाला आमच्या गावाची उपसा योजना होती आणि तिच्या मोटारींवर मी ऑपरेटर होतो. मोटारीचा पाइप नदीत जिथं संपतो तिथं एक झडप असते. तिचं खरं नाव फूट व्हॉल्व्ह, पण गावात तिला सगळे फुटबॉल म्हणतात. शेवाळ, चिंध्या, एकदा तर मेलेलं कोकरू, काहीही येऊन त्या फुटबॉलला अडकायचं, मोटार कोरडीच ओरडायची आणि मग भोयांच्या आळीत मामांना हाक जायची. नाव धोंडी आणि बुडी मारायची तीही धोंडा घेऊन. गावाला थट्टेला एवढं पुरे होतं. “आज कुणी कुणाला बुडवलं?” असं लोक विचारायचे, आणि सगळ्यांत आधी मामाच हसायचे.

योजनेच्या वहीत ‘पाण्याची स्थिती’ असा एक रकाना होता. तो मी मामांना विचारून भरायचो. ते ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, गालात फिरवून थुंकायचे आणि सांगायचे, “ताकावाणी हाय. हात लांब केला तर बोटं न्हाई दिसायची.” कधी, “चहावाणी. वर कुठंतरी पाऊस झालाय.” कधी, “आज उघडं हाय, तळाची वाळू मोजून घ्या.” मी तसंच्या तसं लिहायचो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘ताकासारखे’ हा शेरा दोनदा वाचला आणि खाली सही केली. मामांचा शब्द पाण्याच्या बाबतीत कधी चुकला नाही, हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं.

पाण्याबाहेर मामा म्हणजे मोठा शौकीन गडी. बाजारच्या दिवशी नदीतले मासे पाटीत घालून दौंडला जायचे, विकून झाले की जिलेबी खायचे आणि दिवस कलेपर्यंत स्टेशनच्या फलाटावर गाड्या बघत बसायचे. गाडीतल्या अनोळखी माणसांना हात करायचे. त्यांनी उलट हात केला की घरी येऊन सांगायचे, “आज मद्रासवाले वळखीचे निघाले.” धुरपामामी करवादायच्या. घरात मीठ नाही आणि हे जिलेबी खाऊन आले. मामांचं उत्तर ठरलेलं असे: “दम काय कणगीत भरून ठिवायचा असतो व्हय? पाण्यात दम राखून बसला तो काय बघून येनार? पुरा वापरायचा, मंग वर यायचं.” मला हे पटायचं नाही. मी महिन्याच्या रॉकेलपासून म्हातारपणापर्यंत सगळ्याची काळजी आगाऊ करून ठेवणारा. पण त्यांच्याजवळ बसलं की मलाही दौंडला जावंसं वाटायचं, आणि दोनदा मी गेलोही.

आमच्या मोटारींपासून हाकेच्या अंतरावर आसरांचा डोह होता. तीन पुरुष खोल पाणी, काठावर शेंदूर फासलेले सात दगड, त्याच आसरा, पाण्यातल्या देवी. डोहातले मासे आसरांचे, म्हणून ते कुणी धरायचे नाहीत, भोयांनीसुद्धा नाहीत. पोटुशी बाई मंगळवारी तिथं येऊन पिठाच्या गोळ्या पाण्यात टाकायची. माशांनी गोळी उचलली की लेकरू सुखरूप, अशी समजूत. मी नोकरीला लागलो तेव्हा गोळी पाण्याला टेकते न टेकते तोच हातहातभर लांबीचे खडस मासे वर यायचे आणि पाणी आधण आल्यासारखं उसळायचं. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातली देवदेवस्की पार बंद झालेली, पण मासे बघायला मीही मंगळवारी उगाच तिकडं रेंगाळायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नदी आटली. पाणी उरलं ते डोहात, तेही पुरुषभर. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं आणि रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी मिळत होती, जी गुरंही नाखुशीनं खात. विहिरी फोडायला आणलेले सुरुंगाचे तोटे त्या वर्षी कुणाच्याही हाती लागत. कामावरच्या चौघांनी मामांना विचारलं, मासे कुठल्या कपारीत बसतात? मामांच्या स्वतःच्या घरात दोन दिवस चूल धड पेटली नव्हती. त्यांनी बोट दाखवलं.

तोटे डोहात फुटले आणि तीन दिवस घराघरातून कालवणाचा वास येत होता. आमच्या वस्तीतही वाटा आला. मी खाल्ला. दोनदा वाढून घेतला. त्या तीन दिवसांत आसरांचं नाव कुणीही काढलं नाही.

पुढं पाऊस झाला, डोह भरला, बायका पुन्हा पीठ घेऊन आल्या. गोळ्या पाण्यात पडायच्या, फुटायच्या आणि विरघळून जायच्या. वर काही येत नव्हतं. बायका मामांकडं बघायच्या, कारण पाण्याखालचं गावाला सांगणारा तोच एक माणूस. मामा म्हणाले, “खाली हायेत. आज पाणी ढवळं हाय, त्येनला वरचं दिसंना.” मी वहीत लिहायला पेन उघडलं आणि थांबलो. पाणी इतकं उघडं होतं की तळाचे गोटे दिसत होते. मी मामांकडं बघितलं. त्यांनी मान फिरवली. मी ‘ढवळे’ असं लिहिलं.

त्यानंतर दर मंगळवारी पाण्यात काही ना काही खोट निघायची. कधी ढवळं, कधी फार गार, कधी वारं उलटं. एका दुपारी मोटारघराच्या सावलीत मामांनी मला सगळं सांगितलं, तोट्यांचं, बोट दाखवल्याचं. आणि म्हणाले, “येका दमात मी किती बघनार, आप्रेटर? पल्याडच्या कपारीला पोचस्तवर दम सरतो. तिकडंच असत्याल. असायलाच पायजेत.”

“असायलाच पाहिजेत” याचं कारण शेवंता. मामांची एकुलती एक मुलगी, दुष्काळ सरल्यावर दौंडकडच्या एका गावात दिलेली. तिचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं. मामांनी ते स्वतःच्या खाती लावून घेतलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि ती माहेरी आली होती. दर मंगळवारी ती पिठाची परात घेऊन डोहावर यायची, मामा काठावर बसून बघत राहायचे आणि रिकाम्या पाण्याकडं बघत म्हणायचे, “खाली हायेत, बाय.” त्यांनी दौंडचा बाजार सोडला. फलाट सोडला. ताटातली अर्धी भाकरी परत जायला लागली. मी समजावलं, “मामा, माशांचा आणि लेकराचा काय संबंध?” ते म्हणाले, “तुमचा इस्वास न्हाई, बरं हाय. तुमाला झोप लागत आसंल.” मला काही झोप लागत नव्हती. आसरांची भीती नव्हती, पण हा माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

त्याच उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या एका पुलाचे पाये तपासायला मुंबईच्या बंदरावरचा एक पाणबुड्या आला. कादरभाई, मूळचा रत्नागिरीकडचा. पाठीवर बांधायची हवेची नळकांडी भरायला त्याला वीज हवी होती आणि आसपास वीज होती ती आमच्या मोटारघरात. मी कनेक्शन दिलं. त्यानं विचारलं, बदल्यात काय देऊ? मी मामांकडं बोट केलं. “यांना एकदा डोह दाखवा. पूर्ण.”

मामांनी एवढंच विचारलं, “ह्यात दम किती?”

“अर्धा तास, चाचा.”

मामांचा चेहरा उतरला. मला वाटलं पाण्याला घाबरले. नंतर समजलं, अर्ध्या तासात सबब उरत नव्हती.

दोन दिवस कादरभाईंनी त्यांना गुडघाभर पाण्यात शिकवलं. “चाचा, एकच ध्यानात ठेवायचा. सांस रोकायचा नाय. सारखा घ्यायचा, सारखा सोडायचा. रोकून वर आलास तर फुप्फुस फाटेल.” आणि मामा नेमकं तेच करायचे. तोंड पाण्याखाली गेलं की जन्माच्या सवयीनं दम धरायचे. कादरभाई पाठीत थापट्या मारायचे, मामा दचकून श्वास घ्यायचे, पुन्हा विसरायचे. मी काठावर उभा राहून स्वतःचा श्वास रोखून बघत होतो. नको हे सगळं, असं मला पन्नासदा वाटलं. पण सुरुवात मीच करून दिली होती.

मंगळवारी सकाळी दोघं कमरेला एक दोर बांधून डोहात उतरले. मी मोजू लागलो. शंभर झाले, दोनशे झाले. बुडबुडे आधी जवळ होते, मग पलीकडच्या कपारीकडं सरकले. चारशेच्या सुमाराला शेवंता परात घेऊन आली.

“भाऊ, आबा कुठं हायेत?”

“खाली.”

“किती येळ झाला?”

“चारशे दहा.”

मला वेड लागल्यागत तिनं माझ्याकडं बघितलं. मी बुडबुडे दाखवले, काय ते सांगितलं. ती पोट सावरत सात दगडांपाशी टेकली, परात मांडीवर घेतली आणि पाण्याकडं न बघता पिठाकडं बघत बसली. त्या दिवशी तिनं गोळी वळली नाही. मधे एकदा बुडबुडे थांबल्यासारखे झाले. माझा आकडा तुटला तो तिथंच. पुन्हा दिसले तेव्हा मी मोजणं सोडून दिलं.

दोघं वर आले. कादरभाईंनी मामांच्या पाठीवरचं ओझं उतरवलं. मामा वाळूत बसले. तोंडावर नळीच्या पट्ट्याचा वळ उठला होता. समोर शेवंताला बघितल्यावर ते काय म्हणतील, हे मला ऐकवेना. मी मोटारघराकडं वळणार होतो. तेवढ्यात ते बोलले.

“न्हाईत, बाय. पल्याडच्या कपारीत गेलो. समद्या फटीत हात घालून बघितलं. येकबी न्हाई.” जरा थांबून म्हणाले, “आन् तोट्याची जागा मीच दावली व्हती.”

शेवंतानं पदरानं त्यांचं डोकं पुसायला घेतलं. लहान मुलाचं पुसतात तसं, जरा जोर लावून.

“मला ठावं हाय, आबा. कालवन मीच केलं व्हतं न्हवं?”

मामा तिच्याकडं बघतच राहिले. “मंग येवडं दिस गोळ्या कुनाला टाकतीस?”

“तुमच्यापायी. टाकल्या न्हाईत तर तुमाला वाटंल, पोरीला कळलं.”

बाप मुलीसाठी खोटं बोलत होता आणि मुलगी बापासाठी ते खरं मानल्याचं दाखवत होती, आणि दोघांच्या मधे तो रिकामा डोह. मग मामांनी हात पुढं करून परात ओढून घेतली आणि पीठ चिमटीत धरून बघितलं.

“चांगलं पीठ हाय की. जा, भाकरी थाप. भूक लागलीया.”

पुढच्या मंगळवारी आलेल्या बायकांना मामांनी सरळ सांगितलं, “मासं न्हाईत. आपनच खाल्लं.” गावाला ते रुचलं नाही. जे ठाऊक असतं ते कुणी मोठ्यानं बोललेलं लोकांना चालत नाही. बरेच दिवस त्यांना हाक येईनाशी झाली. श्रावणात शेवंताला मुलगी झाली. सव्वा महिना उलटेपर्यंत मी, विश्वास नसणारा माणूस, रोज काही तरी निमित्त काढून भोयांच्या आळीवरून जात होतो. मुलगी जगली. बारशाच्या जेवणाला मामांनी दौंडहून जिलेबी आणली.

पुढं मला शिरूरला वीज खात्यात नोकरी लागली आणि गाव सुटलं. मामांची शेवटची भेट शिरूरच्या एसटी स्टँडवर झाली. पुढच्या पावसाळ्यात तापानं ते गेले, मला कळलं तेव्हा दहावा-तेरावाही होऊन गेला होता. भेट झाली त्या दुपारी ते वडगावच्या गाडीत बसले होते आणि कंडक्टर त्यांच्याशी भांडत होता. मांडीवर मोठी हंडी, तिच्यात घोडनदीच्या वरच्या डोहातून धरून आणलेली खडसाची बोटभर पिल्लं. पाणी सांडतं म्हणून कंडक्टरची तक्रार. मामा म्हणत होते, “त्येंचं तिकीट काढतो की. हाफ धरा.” हा त्यांचा त्या उन्हाळ्यातला पाचवा फेरा होता.

मी खिडकीपाशी गेलो. विचारलं, “मामा, यातली जगतात किती?”

“निम्मी वाटंतच जात्यात.”

“आणि बाकीची? डोहात टिकतात?”

“ठावं न्हाई, आप्रेटर.” त्यांनी हंडीत डोकावून बघितलं. “सोडायची आपन.”

ड्रायव्हर चढला. गाडी हलली तशी मी हात वर केला. मामांनी माझ्याकडं बघून मान डोलवली. त्यांना हात करता आला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी हंडीचं तोंड धरलं होतं.