सात सह्या, एक हात

जर्नलला पाठवायच्या लेखात शेवटचं एकच वाक्य राहिलं होतं: एथिक्स कमिटीची परवानगी घेतली, सर्व सहभागींची लेखी संमती घेतली. हे वाक्य सगळेच लिहितात. नुसतं खात्रीसाठी म्हणून मी संमतीपत्रांची फाइल उघडली. सात सज्ञान माणसं, सात फॉर्म, आणि सातही सह्या एकाच वळणाच्या.

चाकणजवळचं ते घर. तिथे तीन पिढ्या काही दात जन्मात येतच नाहीत, म्हणून जनुकांच्या तपासणीसाठी अडीच वर्षांपूर्वी मी सगळ्यांची लाळ घेतली होती. गुरुवार होता, कंपन्यांच्या सुट्टीचा वार, सगळे एकदम घरी सापडायचा. त्या घरातले वडील प्लांटमध्ये लाइन लीडर, एका लाइनवरच्या कामगारांचे प्रमुख. सेफ्टी ट्रेनिंगच्या कागदावर अख्ख्या लाइनच्या सह्या ते एकटेच ठोकतात. मी फॉर्म त्यांच्याच हातात दिले, त्यांनी तेच केलं. 'निकाल कळवावा का?' इथे सातही ठिकाणी 'नाही'वर खूण. आणि प्रत्येकाला वेगळं बसवून समजावीन असं कमिटीला लिहून देणारी मी शहाणी, बस चुकेल म्हणून नळ्यांना लेबलं लावत बसले. बघितलंसुद्धा नाही.

गाइड सर म्हणाले, लाळ त्यांनीच दिली ना, मग सोड आता. याच कामावरचा माझा प्रबंध द्यायला पंधरा दिवस होते. मला सोडवेना. अन्न गोड लागेना. पुढच्या गुरुवारी परत गेले.

वडिलांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. एकाच घरातले हाय आमी, येगळं काय इचारायचं, म्हणाले. थोरली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला वाटलं होतं, ती दातांची साधी तपासणी. माझा सगळा निष्कर्ष तिच्याच नमुन्यावर उभा होता. रडकुंडीला येऊन मी माफी मागितली, नवा फॉर्म पुढे केला.

तिने तो शेवटपर्यंत वाचला. निकालाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे माझ्या बाळालाही हे येऊ शकतं, ते तुम्हाला दोन वर्षांपासून माहितीये?"

मी हो म्हणाले.

"तेव्हा विचारलं असतं ना मॅडम, तर सही दिली असती."

तिने फॉर्म कोराच परत दिला.

घरी येऊन मी ते वाक्य खोडलं. मग तिचा नमुना काढला. मग प्रबंधात ठेवण्यासारखं काही उरलं नाही.