उशाशी आलेली ओल

रंगाऱ्याला सगळे लांबी म्हणत. भिंतीतले खड्डे बुजवायच्या लुकणाला त्यांच्या धंद्यात लांबी म्हणतात, आणि हा गडी जेमतेम पाच फूट. कुणीतरी गमतीनं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. बत्तीस वर्षं त्यानं लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरून तळवा फिरवायचा, मग माणसांकडे बघायचा.

दोन वर्षांपासून तो एकटाच राहत होता. बायकोला दम्याचा त्रास वाढला, डॉक्टरांनी जागा बदला म्हणून सांगितलं आणि ती लेकीकडे गेली. भांडण झालं नाही. हा दर रविवारी तिला भेटायला जायचा, चहा प्यायचा आणि पुन्हा पुन्हा उठून लेकीच्या खिडक्यांची पुट्टी तपासत बसायचा. पूर्वी एका जागी तासन् तास काम करणारा माणूस, पण आताशा त्याचं बूड कुठं टेकत नव्हतं.

अशात त्याला एका भुताच्या सिनेमाचं काम आलं. दिग्दर्शिका तिशीतली मुलगी. दीडशे वर्षांपूर्वीची एक गाजलेली भयकथा तिनं निवडली होती. नवरा बायकोला खोलीत कोंडतो, दार विटांनी बुजवून टाकतो, आणि मग त्या भिंतीतून ओल पाझरायला लागते. पैशांच्या नावानं बोंब होती. वाडा परवडत नाही म्हणून एका बंद गोदामात प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या केल्या होत्या. चौथ्या बाजूला कॅमेरा.

"काका, मला या भिंती सडलेल्या हव्यात," ती म्हणाली.

"जन्मभर उलटं काम केलंय मी."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं. भिंत कशी बिघडते ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

पहिले दोन दिवस त्याला काही जमेना. चांगल्या भिंतीवर घाण करायला हात धजत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं चहाचं दाट पाणी, काळी शाई आणि मीठ घेतलं आणि मधल्या भिंतीसमोर उभा राहिला. सुरुवात खालून केली, फरशीपासून वीतभर वर. डाग डावीकडे फुगवला, मग वर नेऊन उजवीकडे झुकवला. कडेला पिवळी किनार दिली, तिच्या आत बुरशीचे ठिपके, वरच्या टोकाला मिठाचा पांढरा खार. एका ठिकाणी पोपडा काढून तो अर्धवट लोंबता ठेवला. मधे कुठं थांबून विचार करावा लागला नाही. जेवायचंही राहून गेलं.

दिग्दर्शिका आली आणि चार पावलं मागंच थांबली. "हा कुठून काढलात?"

"असाच," तो म्हणाला आणि डबे आवरायला लागला.

पण त्याला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुसरी भिंत करायची होती, तर हा सारखा मधल्या भिंतीपाशी जायचा, डागाला बोट लावायचा, मागं फिरायचा. शूटिंग सुरू झाल्यावरही, काम नसताना, गोदामात येऊन येरझाऱ्या घालायचा. कॅमेरावाला वैतागला. "काका, भुतापेक्षा तुमचीच भीती वाटते. बसा की जरा."

रविवारी त्यानं मोबाइलमधला त्या भिंतीचा फोटो बायकोला दाखवला. कौतुकानंच दाखवला. तिनं चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ घेतला.

"ही आपली भिंत आहे," ती म्हणाली.

"सिनेमातली आहे. प्लायवूडची."

"माझ्या उशाशी होती ती. हा पोपडा असाच लोंबायचा. मी पडल्या पडल्या बघायचे." तिनं फोन परत दिला. "अहो, मी दहा वेळा सांगितलं असेल. तुम्ही उद्या बघतो म्हणायचात आणि वरून रंगाचे दोन हात मारायचात. तीन महिन्यांत पुन्हा तेच. मला वाटायचं, बिचाऱ्यांना दिसतच नसेल. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बघून डोळे थकत असतील."

त्यानं फोन खिशात टाकला. लेक आतून विचारत होती, चहात साखर किती.

"इतकं नीट बघितलं होतंत तुम्ही," बायको हळू म्हणाली.

तो तसाच उठला आणि घरी आला. पलंग ओढून बाजूला केला. छिन्नी-हातोडी घेऊन पोपडे काढले, गिलावा पाडला, विटांपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावलं. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. तिथल्या नळाच्या पाइपाचा एक सांधा थेंब थेंब गळत होता. किती वर्षं गळत होता कोण जाणे. प्लंबरनं पाऊण तासात बदलला.

"एवढ्यासाठी इतके दिवस थांबलात?" प्लंबरनं विचारलं. लांबीनं त्याला पाणी दिलं.

भिंत वाळायला अडीच महिने लागले. त्याला रोज वाटायचं, आज गिलावा करून लांबी भरून टाकावी. रोज तळवा टेकवून बघायचा, गार लागला की मागं फिरायचा. घाई केली नाही, पण त्या अडीच महिन्यांत तो एकदाही सलग झोपला नसेल.

मधे सिनेमा पुरा झाला. एका छोट्या सभागृहात शे-सव्वाशे माणसांना दाखवला. नटाचा आवाज मधेच फाटत होता, भूत तर हसू येईल असं होतं. पण भिंत पडद्यावर आली की लोक खुर्चीत सावरून बसायचे. दिग्दर्शिकेनं शेवटी त्याला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला आणि टाळ्या थांबायच्या आत बाहेर पडला.

भिंत वाळली त्या आठवड्यात बायको घर बघायला आली. खोलीत उभी राहिली, दोन-तीनदा लांब श्वास घेतला. तो दारात चुळबुळत होता.

"वास गेलाय," ती म्हणाली. "पण लगेच नाही यायची मी. एक पावसाळा जाऊ दे."

"जाऊ दे," तो म्हणाला. "रंग कुठला देऊ?"

"आत्ता काहीच देऊ नका. उघडीच राहू दे. मला दिसली पाहिजे."

तो मान हलवून तिच्यासाठी खुर्ची आणायला गेला.