आधी साधं बघू

दुरुस्तीला घरात आले की ते आधी कुणाला काही विचारत नसत. चपला दाराबाहेर, पिशवी जमिनीवर आणि उजव्या हाताचा पंजा बंद पडलेल्या मशिनीच्या डोक्यावर, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा. मग म्हणायचे, "आधी साधं बघू."

त्यांचं नाव मी आजवर दोनदाच लिहिलं आहे, आणि दोन्ही वेळा चुकीच्या वेळी. म्हणून इथे लिहीत नाही.

ते अर्नाळ्याचे. घरची मासेमारी, पण त्यांना होडीत बसलं की मळमळायचं. "समुद्रानं मला परत पाठवला, ताई," असं स्वतःच सांगून हसायचे. मग वालीवच्या एका कारखान्यात मोटर वाइंडिंग शिकले आणि पुढे बोळिंजच्या आमच्या सोसायट्यांमधून घरोघरी दुरुस्त्या करू लागले.

त्यांचं 'साधं' ठरलेलं असे. मशिनीचा प्लग काढून त्या जागी आमचा मिक्सर लावायचा. मिक्सर घुमला की म्हणायचे, "बोर्ड शहाना हाय." मग दार उघडून लावून बघायचं. मग बटण. पिशवी उघडायची ती सगळ्यात शेवटी. तुमच्याकडेही असा एखादा माणूस येत असेल, तर त्याच्या घाईत नसण्याचा किती राग येतो ते तुम्हाला ठाऊक असेल. मला यायचा.

एकदा पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींचा ओव्हन बंद पडला. मी सोबत गेले होते. भिंतीवरचा स्विचच बंद होता, मला दाराशी उभ्या उभ्या दिसला. त्यांनी तो गुपचूप चालू केला आणि वर पाच मिनिटं सॉकेटचे स्क्रू आवळत बसले. जिना उतरताना मी म्हटलं, "स्विच बंद होता ना?"

"होता," ते म्हणाले. "पन मानूस आपल्याच घरात येडा नको ठरायला."

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्ही कपडे वाळवायचा ड्रायर घेतला. पावसाळ्यात आमच्या बंद गॅलरीत चादर तीन दिवस वाळत नाही आणि आम्हाला रोज दोन तरी लागायच्या. त्या ड्रायरचा पट्टा तुटला, तो त्यांनी बदलून दिला. आठच दिवसांनी मशीन परत बंद. दिवा लागतो, बटण दाबलं की आत काही हलत नाही. टबात ओल्या चादरी आणि सासूबाईंच्या अंगाखाली शेवटची कोरडी.

मी फोन केला. त्यांनी विचारलं, "दार बघितलं का? कडी जाते त्या खाचेत काय अडकलंय का, बोट घालून बघा."

"सगळं बघितलंय," मी म्हटलं. काहीही बघितलं नव्हतं.

ते म्हणाले, उद्या सकाळी येतो. मला उद्या नको होता. मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. त्यांचं नाव, आणि पुढे, यांनी दुरुस्त केलेला ड्रायर आठ दिवसांत बंद, सांभाळून बोलवा. मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या वाक्याला वजन असतं, ते मला माहीत होतं. तासाभरात कुणाला फ्रिज आठवला, कुणाला गीझर. अध्यक्षांनी गेटवरच्या कामगारांच्या यादीतून त्यांचं नाव काढायला सांगितलं. मी त्यावर होकाराचा अंगठा टाकला.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं पहिल्यांदाच त्यांना थांबवून वर फोन केला. नवा नियम असेल, असं म्हणत ते आत आले. पंजा मशिनीवर. मिक्सर. मग दार. ते लागल्यासारखं दिसत होतं, पण आतला खटका दाबला जात नव्हता. त्यांनी खाचेत बारीक चिमटा घातला आणि एक सेफ्टी पिन बाहेर काढली.

ती माझी होती. मी मोज्यांच्या जोड्या पिन लावूनच धुवायला टाकते. एकही मोजा हरवत नाही, हे मी चारचौघांत सांगत आले आहे.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं होतं हो?"

"काय नाय आजी, जरा अडकलं होतं." पिन त्यांनी माझ्या हातात ठेवली, माझ्याकडे न बघता. मशीन फिरू लागली. चहा पिऊन ते गेले.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहायला बसले. खरं लिहायचं तर पिनेचं लिहावं लागणार होतं. मी लिहिलं, 'आमचा ड्रायर चालू झाला आहे.' बस. त्यांचं नाव त्यात नव्हतं. त्या ओळीला कुणी उत्तर दिलं नाही.

पुढे वर्षभरानं विरारच्या बाजारात ते भेटले. हातात कोथिंबीर, खांद्याला तीच पिशवी.

"मशीन बरी चाललीय?"

"हो."

"तुमच्या सोसायटीत हल्ली कोनाचं काय बिघडत नाय वाटतं."

"बऱ्याच जणांनी नवीन घेतलंय सगळं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग म्हणाले, "असू दे. चांगलं हाय." आजीची चौकशी केली आणि वळले. मला तेव्हाही बोलता आलं असतं. आसपास ओळखीचं तिसरं कुणी नव्हतं.

या पावसाळ्यात ड्रायर पुन्हा बंद पडला. सासूबाई आता नाहीत, चादरींची घाईही नाही. मी त्यांचा नंबर लावला. त्यांच्या बायकोनं उचलला.

"ते गेले ना, ताई. होळीच्या आदी." मग तिनं विचारलं, "तुमी बोळिंजच्या का? ड्रायरवाल्या? तुमचं नाव काढायचे. म्हनायचे, त्या ताई सगळं आदी स्वता बघतात आनि मगच फोन करतात."

मी फोन ठेवला. प्लग काढून मिक्सर लावला. घुमला. खाचेत बोट घालून पाहिलं. दार दोनदा लावलं. बटण दाबलं. काही नाही. या वेळी बिघाड खरा होता.

मग ग्रुप उघडून सगळं लिहिलं. त्यांचं नाव, पिन, मोजे, फोनवर मी काय खोटं बोलले ते, आणि गेटवरच्या यादीतून ज्याचं नाव काढलं त्याची काहीच चूक नव्हती, हेही. फक्त ते आता नाहीत, एवढं माझ्याच्यानं लिहवलं नाही. पाठवून दिलं.

मिनिटभरात तिसऱ्या मजल्यावरच्या, नुकत्याच राहायला आलेल्या मुलीचं उत्तर आलं. 'भला माणूस दिसतोय. नंबर पाठवता का, काकू?'