टॉर्च अन् मीटरच्या मधातून कोन गेलं?

आधीच सांगून टाकतो... भूत, चकवा, बाहेरचं, यातलं मी काहीच मानत नाई. उलट आमच्या तिवस्यात भुताचा आवाज काढून लोकायले भेवाडनारा पोट्टा मीच. अन् म्हणूनच तं डोकं फिरलं आहे माझं. वाचा, अन् तुमीच सांगा मायी काय चूक.

अमरावतीले आयटीआय करून मी आता अकोल्यात मामाच्या दुकानात बसतो. मामा टॉर्च बनवते. पाईप, एलईडी, सेल... सारं स्वतः जोडते. नांदगाव खंडेश्वरकडचे गजूभौ रानडुकरायच्या रखवालीसाठी वीस टॉर्च घेऊन गेले होते. आठ दिवसात पोतं घेऊन वापस! भर दुकानात, गिऱ्हाइकायसमोर म्हणे, "मामा, कंपनीच्या टॉर्चच्या निम्मा उजेड नाई तुमचा. साऱ्या गावाले सांगतो, तुमी फसवता म्हणून."

मामानं हातातला सोल्डरिंगचा काविया खाली ठेवला फक्त. मलेच राहवलं नाई.

"गजूभौ, उजेड डोळ्यानं मोजता का? कंपनीचा पांढरा उजेड डोळ्याले जास्तच वाटते. चला, मीटरनं मोजू."

बाजूले फळवाल्याची केळं पिकवायची खोली आहे. त्या दिवशी रिकामी होती. खिडकी नाई, एकच दार. दुपारचे दोन वाजले होते, पन दार लावलं का आपलाच हात आपल्याले दिसत नाई. टेपनं पाच मीटर मोजले. इकडच्या स्टुलावर टॉर्च, तिकडच्यावर लक्स मीटरचं सेन्सर. अंधारात मीटर शून्य दाखवते का ते आधी पायलं. मामाचा अन् गजूभौनं संगं आनलेला कंपनीचा, दोनी टॉर्चले सारखेच, फुल चार्ज सेल. टॉर्च लावल्याबरोबरचा आकडा घ्यायचा नसते, तो फुगलेला असते. तीस सेकंद थांबायचं. मामा मोबाईलवर सेकंद मोजत होते, मी मीटरजवळ.

मामाचा टॉर्च. ४१२... ४१०... अन् बाराव्या सेकंदाले, शून्य! लगेच परत ४०९. भिंतीवरचा उजेडाचा गोळा मात्र जरा बी हलला नाई.

"हात आडवा घातला बे तू!" गजूभौ वरडले.

"कायले घालू? मायाच मामाचा टॉर्च आहे ना!"

कंपनीचा लावला. ३७३... ३७१... बारावा सेकंद. शून्य.

गजूभौ म्हणे, "नकल्या, पुरे कर तुया तमाशा."

मंग त्यायनं आपल्या दुपट्ट्यानं माये हात मागं बांधले, मले टॉर्चच्या मागं मामाजवळ उभं केलं, अन् मीटर स्वतः धरलं. बारा सेकंद झाले. तिकडून गजूभौचा बारीक आवाज आला, "शून्य..."

दुकानात आनून शटर पाडून मोजलं, तं एकदा बी पडला नाई आकडा. परत खोलीत गेलो... बारावा सेकंद, शून्य. गजूभौ पैसे वापस मांगाले लागले. म्हणे, "मामा-भाचे मिळून येडं बनवता मले."

माया टकुऱ्यात गेली. तसाच बांधल्या हातानं अंधारात वरडलो, "अबे कोन आहेस बे? जायाचंच आहे तं मागून जाय ना! मायाच मामाची इज्जत सापडली का तुले आडवं याले?"

मामा म्हणे, "लाव एकदा अजून."

तीस सेकंद. एकदा बी शून्य नाई. मामाचा ४०८, कंपनीचा ३७०.

गजूभौनं वीसच्या वीस टॉर्च वापस पोत्यात भरले. मामाले हात जोडले. अन् जाता जाता मले म्हणे, "काय हुनर आहे बे! हात बांधून बी आकडा पाडतं." आता त्यायच्या गावची लोकं दुकानात येऊन म्हणते, "दाखव ना शून्य करून!" जलमभर नकला केल्या तवा शिव्या खाल्ल्या. अन् जे मी केलंच नाई त्याच्या टाळ्या! आता बोला...

बरं, लोकायचं सोडा. त्या शेवटच्या बारीले, बाराव्या सेकंदाले, मामा जरासे बाजूले सरकले होते. मले वाटलं पाय अवघडला असन. रात्री जेवताना विचारलं.

मामा हसले. "तूच तं खांद्याले हात लावून सरकवलं ना बे मले?"

मी म्हणलं, मामा, माये हात बांधले होते.

"हव हव," म्हणे, अन् भाकर मोडाले लागले.

मीटर तपासून आनलं, बरोबर आहे. मले अजून काहीच समजलं नाई. पन मायी शपथ घेऊन सांगतो, तो हात माया नव्हता.