गोड न खाणारे नाना

एका हाताने ‘नको, नको’ करायचं आणि दुसऱ्या हाताने ताट पुढे सरकवायचं, ही कला नानांकडूनच शिकावी. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या नानांचे दोन्ही हात इतक्या मनापासून चालत की वाढणारीने कोणत्या हाताचं ऐकावं हेच तिला कळत नसे.

नाना मूळचे धुळ्याकडचे, राहायला जळगावात आमच्याच गल्लीत. शेती मुलाकडे दिली आणि स्वतः सोयरिकी जमवायला मोकळे झाले. रावेरची मुलगी, पाचोऱ्याचा मुलगा, मध्ये नाना. नियम एकच, “पयले तोंड गोड, मंग बोलनं.” मुलीकडे शिरा, मुलाकडे पेढे, पसंती कळवायला गेलं की पुन्हा बासुंदी. गल्लीत पोरी उजवल्या जात होत्या आणि नानांचे सदरे घट्ट होऊन एकामागून एक पुतण्यांकडे जात होते.

तेव्हा माझं तिथेच मेडिकल दुकान होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. एकदा नाना काउंटरला धरून उभे राहिले.

“पोरी, जेवून दोन-तीन घंटे झाले का हातपाय लटलट कापतात. घाम फुटतो. मंग मी एक पेढा टाकतो, बरं वाटतं.”

“आणि मग?”

“मंग परत कापतात.”

“मग?”

“मंग परत पेढा. दुसरं काय?”

मी त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समजावलं, की गोड पोटात गेलं की नानांचं शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं. साखर जशी चढते तशी धाडकन खाली येते. खाली आली की भूक, भुकेला पेढा, पेढ्याने वजन.

नानांनी मला ते त्यांच्या भाषेत सांगितलं. “पाहुणे आले म्हणून घरधन्याने इतकी धावपळ केली, का पाहुणेच घाबरून पळाले.”

मी कॉलेजात चार वर्षं घालवली. इतकं सोपं मला कुणी शिकवलं नव्हतं.

औषधापेक्षा पथ्य मोठं होतं. गोड बंद. थोडं थोडं, वेळच्या वेळी खायचं. भाकरी एकटी नाही, सोबत डाळ, दही, मठाची, म्हणजे मटकीची, उसळ. खिशात फुटाणे. आणि जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर चावायची एक गोळी, खाल्लेली साखर रक्तात हळूहळू जाऊ देणारी. त्या गोळीने सुरुवातीला पोटात गॅस धरतो, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी आठवड्याने नाना तक्रार घेऊन आलेच. “सोयरीक जमायच्या आधीच पोटात बेंडबाजा सुरू!”

पण नानांनी पथ्य पाळलं. सदऱ्याची बटणं लागू लागली. आणि तिथेच घात झाला.

पाचोऱ्याला एका बैठकीत सगळं ठरत आलं होतं. ताटली फिरली. नानांनी पेढा उचलला, कपाळाला लावला आणि परत ठेवला. मुलीच्या काकाने तो परत गेलेला पेढा पाहिला. मध्यस्थच गोड घेत नाही, म्हणजे मुलात काहीतरी खोट आहे! सोयरीक मोडली.

नाना दुकानात येऊन बसले. म्हणाले, “गोड टाळतो तं सोयरीक मोडते. गोड घेतो तं मी मोडतो. आता काय करू पोरी?”

“आजार आहे म्हणून सांगून टाका.”

“सांगतो! उद्या म्हणतील, याच्या हातची सोयरीक नको, याची स्वतःचीच गॅरंटी नाही.”

याच दिवसांत त्यांनी माझं स्थळ आणलं. मुलगा धुळ्याचा. त्याच्याकडची माणसं आमच्या घरी आली तेव्हा मी आत साडी सावरत होते, पण कान बाहेर होते. आईने शिरा दिला. मुलाच्या वडलांनी सगळ्यांदेखत पेढा पुढे केला. पाचोरा नानांच्या डोळ्यांसमोर असणार. त्यांनी शिरा खाल्ला, पेढाही खाल्ला.

बोलणी लांबली. नाती निघाली, मग नात्यांतली नाती निघाली. तारखेवर गाडी आली तेव्हा नानांचा आवाज चाचरू लागला. दाराच्या फटीतून पाहिलं, तर कपाळावर घाम, हातातल्या कपाची बशीशी टकटक.

मुलाचे वडील म्हणाले, “नाना, एवढा घाम काबर? काही लपवताय का?”

बैठक गार पडली. आई घाईने साखरेचा डबा घेऊन निघाली. मी तिला थोपवलं, कारण नानांच्या त्या गोळीमुळे साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. पाण्यात ग्लुकोज ढवळलं, पदर खोचला आणि सरळ बैठकीत गेले. नवरी मुलगी अशी बोलावल्याशिवाय येत नसते. पण नाना पडायला आले होते.

“आधी हे प्या,” मी नानांना म्हटलं. मग पाहुण्यांकडे वळले. “लपवलंय ते एवढंच. यांना गोड चालत नाही. सोयरीक मोडू नये म्हणून खाल्लं.”

ग्लास अर्धा झाल्यावर नानांना शब्द सापडले. “पोरगी फटकळ शे... पन खोटं बोलनार नही.”

मुलाची आई नवऱ्याकडे वळली. “बघा. तुम्ही महिनाभर बीपीच्या गोळ्या न घेता उशीखाली लपवताय. तुम्हाला अशीच सून पाहिजे.”

सगळे हसले, सासरे सोडून. तारीख ठरली.

त्यानंतर नाना बैठकीत शिरतानाच स्वतःचा आजार सांगत, मग मुलाचं शिक्षण. लोकही त्यांच्यापुढे फुटाण्यांची वाटी ठेवू लागले. माणूस स्वतःचं दुखणं सांगतो, तो मुलाचं काय लपवणार, असं म्हणू लागले.

आज नाना नाहीत. शेवटचे भेटले ते माझ्या सासरच्या गावी, धुळ्याच्या बसस्टँडवर. एक स्थळ पाहून परत जळगावला निघाले होते. मी त्यांना खिडकीजवळ बसवून खाली उतरले. गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघतील, हात करतील, म्हणून उभी राहिले. पण नाना तिकडे वळून शेजारच्या अनोळखी बाईंपुढे फुटाणे धरत होते. इंजिनच्या आवाजात एवढंच कानावर आलं, “घ्या ना अक्का... पोरगी काय शिकते तुमची?”