दीड मीटरचा सूड

मी क्षमाशील बाई नाही. कुणी वाईट वागलं की मी ते विसरत नाही, आणि विसरल्याचं नाटकही मला जमत नाही. वय वाढलं की माणूस निवळतो असं म्हणतात. माझं वाढलंय, मी निवळलेले नाही. तेव्हा हे सांगताना मधूनमधून माझा आवाज चढला तर तो चढू द्यावा.

आई फुलं विकायची. मखमलाबादला आमचा जमिनीचा एक तुकडा होता, त्यात झेंडू आणि शेवंती निघायची. सकाळच्या टेंपोनं पाटी घेऊन ती जुन्या नाशकात यायची आणि भद्रकालीच्या बाजूला एका दुमजली इमारतीच्या ओट्यावर बसायची. गुडघाभर उंचीचा, काळ्या दगडाचा ओटा, इमारतीच्या पुढच्या भिंतीला लागून. वर पत्र्याची सावली. तिथं तिघी बसत: कोपऱ्यावर आई, मधे हार ओवणारी एक मावशी आणि पलीकडे दूर्वा-बेल विकणारी एक म्हातारी. आईच्या आधी तिची सासू त्याच कोपऱ्यावर बसायची. भाडं असं नव्हतं. मालकाच्या देवघरात रोज ओट्यावरून एक हार जायचा, ते भाडं. कागद नाही, पावती नाही. दोन्हीकडच्यांना तेवढं पुरत होतं आणि त्यात काही कमी आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका आर्किटेक्टकडे नोकरीला लागले. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. आजही त्यांच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडून 'ते' असंच येतं. ही सवय आहे, आदर नाही. काम मात्र त्यांनी चांगलं शिकवलं, हे कबूल करते. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ कशी एका दमात ओढायची, आणि चुकली तर अर्ध्या ब्लेडनं ती हलक्या हातानं कशी खरवडायची, मग त्या जागेवर नख फिरवून कागद कसा गुळगुळीत करायचा, म्हणजे पुढची शाई फुटत नाही. माझा हात त्यात इतका बसला की ऑफिसातल्या सगळ्यांच्या चुका माझ्याकडेच यायला लागल्या.

वर्षभरात आईच्या ओट्याची इमारत आमच्याकडे आली. मालकानं ती एका शेठला पुनर्विकासाला दिली होती. जुनी पाडायची, खाली दुकानं, वर ऑफिसं. आहे त्या इमारतीची मोजणी करायला मलाच पाठवलं. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, तर आई उठली आणि तिनं ते टोक भिंतीला धरून ठेवलं. मावशीला म्हणाली, "माझी पोर हाय ही. नकाशे काढती." त्या दिवशी मी खूश होते, ते आठवलं की आजही लाज वाटते.

नकाशा काढला. ओटाही काढला, मापासकट. सरांनी तो पाहिला आणि ओट्यावर पेन्सिलीनं फुली मारली.

"हे काढून टाक."

"सर, हे आहे तिथे."

"आहे, ते मलाही दिसतं. नकाशावर आला तर पाडायच्या बांधकामात धरावा लागेल, आणि त्यावर बसणाऱ्या तिघी उद्या नव्या इमारतीत जागा मागतील. शेठला नको ती कटकट."

मी म्हणाले, "सर, तिथे माझी आई बसते."

ते हसले. वाईट हसले असंही नाही, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसे हसले. म्हणाले, "नकाशात बांधकाम येतं. आई येत नाही."

मी ब्लेड घेतलं आणि ओटा खरवडला. नोकरी जाईल या भीतीनं खरवडला, दुसरं काही कारण नव्हतं. नख फिरवून जागा गुळगुळीतही केली. नकाशात पाडायच्या बांधकामाला पिवळा रंग लावायचा असतो. सगळ्या जुन्या भिंतींना पिवळा लागला, ओट्याला लागला नाही. ज्याला पिवळा लागत नाही ते कागदोपत्री कधी नव्हतंच.

पाडकाम झालं त्या आठवड्यात तिघी समोरच्या बाजूला गटाराच्या फरशीवर बसायला गेल्या. तिथं अकरापासून ऊन. शेवंती दुपारपर्यंत मान टाकायची. मागचा दुकानदार रोज सकाळी मुद्दाम पाणी मारून फरशी ओली करायचा. आई मला म्हणायची, "तुझ्या सायबाला सांग ना, नव्या इमारतीत आमाला जराशी जागा द्या म्हनावं." मी म्हणायचे, सांगते. ओटा कुणी खोडला ते मी तिला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली, पण ते हसणं बरोबर घेऊन आले.

मग परीक्षा दिली, सरकारी नोकरी मिळाली आणि टेबल मिळालं ते नेमकं बांधकामाचे नकाशे तपासायचं. कचेरी कुठली ते सांगत नाही. सही वरिष्ठांची, पण नकाशा पहिल्यांदा माझ्यासमोर उघडायचा. बाकीचे नियमावली गरजेपुरती चाळायचे, मी ती पोथीसारखी वाचली. जिन्याची रुंदी, पायरीची उंची, गाडी वळायला लागणारी जागा, संडासाच्या खिडकीबाहेरची मोकळी फट. आणि सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यामधे चहूबाजूंनी सोडायची मोकळी जागा. त्या गल्लीत पुढच्या बाजूला दीड मीटर सोडायचं होतं. ओटा होता साधारण तेवढाच रुंद.

मी वाट पाहिली. इमारत बांधून झाली की पूर्णत्वाचा दाखला लागतो, त्याशिवाय शेठची सुटका नव्हती. दोन हजार सालाच्या पुढेमागे, एका सोमवारी ती फाइल माझ्या टेबलावर आली. वर सरांची सही. मला अतिशय आनंद झाला होता.

जागेवर गेले. शेठनं पुढच्या दुकानाचं शटर थेट रस्त्याच्या कडेपर्यंत ओढून घेतलं होतं. म्हणजे ओट्याची जागा मोकळी तर नव्हतीच, ती दुकानात गिळली होती. तिथं फरसाणाचं काउंटर होतं. समोर गटारापाशी आई बसलेली. तिनं मला पाहून हात केला, मी केला नाही. मी टेप धरत होते.

सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात अशी पद्धत आहे. मी एकेक कळवली. आधी पायरीची उंची. ती दुरुस्त करून आणली तेव्हा पार्किंगमधला खांब. तो निस्तरला तेव्हा संडासाची फट. मग एकदा नकाशावरचा पिवळा फिका आहे म्हणून परत पाठवला. हो, हेही केलं. शटरची त्रुटी मी शेवटाला राखून ठेवली होती, जेवताना आवडीची भाजी ठेवतात तशी. सरांचा माणूस खेटे घालून दमला. मग एक दिवस सर स्वतः आले.

"मॅडम," असं म्हणून ते बसले, आणि मग त्यांनी मला ओळखलं. "अरे, तू!"

मी चहा मागवला नाही. शटरचं मापच समोर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला. माणूस हुशार. त्यांना आठवलं.

"तुझी आई अजून तिथेच बसते ना? समोर?"

मी शटरच्या मापाखाली लाल रेघ ओढली.

"हे बघ. शटर मागे घेतो, शेठला मी सांगतो. आणि पायऱ्यांच्या बाजूला एक छोटा ओटा दाखवतो. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद. सामासिक अंतरात पायऱ्या आणि लहान ओटा चालतो, तुला माहितीच आहे. तुझ्या आईला तिथे बसू दे. कुणी उठवणार नाही, नकाशातच येईल तो. मग तर झालं?"

ते खरं होतं. नियमात तशी सवलत होती, त्या ओळीचा नंबरसुद्धा मला पाठ होता. नकाशावर एक छोटा चौकोन, आणि आई कायमची सावलीत. पण ते देताना त्यांचा चेहरा पुन्हा तसाच झाला होता, लहान मुलाच्या हातावर गोळी ठेवावी तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हणाले, "नकाशात बांधकाम येतं, सर. आई येत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. तो उतरताना मी नीट पाहिला. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं होतं आणि ते गोड होतं, खोटं कशाला बोलू. मी शेऱ्यात लिहिलं: शटर तोडून पुढील सामासिक अंतर मोकळे करावे. दाखल्यात अट घालावी की सदर जागा कायम मोकळी ठेवली जाईल, तिथे कोणतेही बांधकाम वा कोणताही वापर केला जाणार नाही. वरिष्ठांनी न वाचता सही केली. माझे शेरे ते वाचत नसत, माझ्यावर विश्वास होता.

शटर तुटलं त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. शेठ घाम पुसत उभा होता. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या. दोन कप चहा प्यायले.

दुसऱ्याच दिवशी आई त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. मावशीही आली. म्हातारी तोवर वारली होती, तिची सून बेल घेऊन आली. ओटा नव्हता, नुसती जमीन, पण इमारतीची सावली होती. आईनं इंदिरानगरला माझ्या घरी फोन केला, शेजारच्या पीसीओवरून. म्हणाली, "पुन्ना तिथंच बसले बघ. आपल्याच कोपऱ्यावर." मला वाटलं, झालं. सरांची जिरली, शेठची जिरली आणि आईचा कोपरा तिला मिळाला.

अकरा दिवस ती तिथं बसली. बाराव्या दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. शेठनं तक्रार केली होती, आणि तक्रारीला दाखल्याची प्रत जोडली होती. अट क्रमांक अमुक: कोणताही वापर केला जाणार नाही. मोकळी जागा वापरली जातेय, नियमाप्रमाणे उठवा. त्यांनी नियमाप्रमाणे उठवलं. तिघींच्या पाट्या गाडीत टाकल्या. आणि गटाराच्या फरशीवर तोवर एक कुलूप-चावीवाला बसायला लागला होता.

आई संध्याकाळी रिकाम्या हातानं माझ्याकडे आली. पाणी प्यायली. म्हणाली, "ते म्हनले, कागदात लिवलंय. कोनी लिवलं गं असलं?"

मी खोटं बोलू शकले असते. तेव्हाच्या रागात मला वाटलं, सांगून टाकावं, म्हणजे तिलाही कळेल मी किती लढले. मी सांगितलं, अट मी लिहिली. सरांना धडा शिकवायला लिहिली. ब्लेडचंही सांगितलं. ओटा मीच खरवडला होता, म्हणून मला ते सहन होत नव्हतं, असं सगळं बोलून गेले. आई फरशीवर बसून ऐकत होती.

"मग तुजा सायब काय म्हनला?"

"तडजोड करायला आले होते. पायऱ्यांपाशी ओटा देतो म्हणाले. मी हाकलून दिलं."

"ओटा?" ती म्हणाली. "माज्यासाठी?"

"भीक घातल्यासारखा देत होते, आई. एवढासा."

"एवढासा म्हंजी किती?"

"साडेतीन फूट."

आईला फूट कळत नसत. मी हात पसरून दाखवलं. तिनं माझे दोन्ही हात होते तसे मनगटाला धरून खाली आणले आणि फरशीवर टेकवले. मग त्या दोन हातांच्या मधे, माझ्या समोर, ती सरकून बसली. मांडी घातली, पदर आवरला. एका बाजूला जागा उरली होती. त्या उरलेल्या जागेवर तिनं तळहात ठेवून पाहिला.

"पाटी बी मावली असती," ती म्हणाली.