आत्याच्या पिंपाची भोकं

आत्याच्या पिंपाची भोकं मी बुजवली. सगळी, रुंद चिकटपट्टी लावून, अगदी मन लावून. गॅलरीतल्या त्या खताच्या पिंपातून चिलटं निघायची आणि थेट माझ्या चहात जलसमाधी घ्यायची. पट्टी लावली, चिलटं थांबली, मी स्वतःवर बेहद्द खूश.

पुढच्याच आठवड्यात जिन्यात असा वास सुटला की खालचे घरमालक नाकाला रुमाल लावून वर आले.

"ताई, रविवारी पुन्हा येतो. वास असला, तर पिंपासकट सगळ्या कुंड्या हलवायच्या."

आत्याचा चेहराच उतरला. दिवसभर ती शिलाई मशीनवर लोकांचे कपडे आत घेते, सैल करते. स्वतःची म्हणून हौस एकच, त्या कुंड्या. लिंबू, पुदिना, गुलाब. त्यांच्यासाठी माती ती कधी विकत आणत नाही. भाज्यांच्या साली, चहाचा चोथा, वाळका पाला पिंपात कुजवायचा. झालेलं खत चाळून त्यात जुनी माती आणि थोडी जाड रेती मिसळायची. कापडाच्या चिंध्याही पिंपात जातात, पण आधी एक धागा पेटत्या काडीवर धरून. राख झाली तर सुती, आत. वितळून गोळी झाली तर बाहेर.

घरमालक गेले आणि तिला पट्ट्या दिसल्या.

"हे कर्तृत्व कोणाचं?"

"चिलटं येत होती गं."

"अस्सं! आज तुझं नाक-तोंड असंच चिकटवते. बघू सकाळी किती ताजातवाना उठतोस."

तोंडसुख तेवढंच. मग बाह्या सरसावून तिने जुन्या चादरीवर पिंप उपडं केलं. काळा, चिकट लगदा. मी मागे सरकलो, ती कोपरापर्यंत आत. मूठभर दाबलं तर बोटांतून पाणी टपकलं.

"पिळलेल्या कपड्याइतकीच ओल हवी. पोतंभर पाला आण, कुठूनही."

कुठूनही म्हणजे घरमालकांच्याच अंगणातून. मालकीणबाई झाडत होत्या.

"ने की. पण खत झालं की एक बादली माझी."

मी परस्पर कबूल करून टाकलं.

पट्ट्या ओरबाडून काढल्या, आणि लगदा पिंपात परत गेला तो पाला, फाडलेले पुठ्ठे, चिंध्या मिसळूनच. रोज मशीनवर बसण्याआधी आत्या एकेक ढेकूळ हाताने फोडून सगळं खालीवर करायची. बिघडलेल्या कपड्यावरही ती अशीच बसते. गिऱ्हाईक "टाकून द्या" म्हणालं तरी ही उसवत राहते. मी नाक धरून पुठ्ठे फाडले, हा माझा वाटा.

रविवारी घरमालक रुमाल हातात घेऊनच आले. पिंपावर वाकले, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"गेला कुठे वास?"

"तुमच्याच पाल्याने खाल्ला," आत्या म्हणाली.

त्यांनी रुमाल खिशात घातला. "राहू देत कुंड्या. फक्त या पोराला पिंपापासून लांब ठेवा."

खत अजून व्हायचंय. कच्चं घातलं तर मुळं जळतात, म्हणून आत्याला घाई नाही. बादलीचं तिला मी अजून सांगितलेलं नाही. मालकीणबाई मात्र जिन्यात भेटल्या की रिकामी बादली या हातातून त्या हातात घेतात.